९०० सीसीची गाडी हळू चालवताना गचके मारते, काय करू?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचून सांगा, खरंच अडकलोय.

आठ वर्षं ३५० सीसीची सिंगल सिलिंडर चालवली, २० बीएचपीची. ती कशी, तिसऱ्यात टाकायची आणि सोडून द्यायची, ट्रॅफिकमध्ये आपली डुगडुगत जाते. तीन महिन्यांपूर्वी चार सिलिंडरची नेकेड (समोर फेअरिंग नसलेली) घेतली, ९०० सीसीच्या वर्गातली, सेकंडहँड, १४ हजार किलोमीटर झालेली, ११० च्या पुढे बीएचपी. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते. कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे लागलो की गाडी म्हणजे लोणी, काही म्हणजे काही तक्रार नाही. पण नळ स्टॉपच्या गर्दीत, सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, स्पीडब्रेकरवर, यू टर्नला नुसते गचके.

नेमकं काय होतं ते सांगतो. वीसच्या आसपास स्पीड आहे, थ्रॉटल पूर्ण बंद, गाडी इंजिन ब्रेकिंगवर हळू होतेय, आणि आता परत थोडं पुढे जायचंय म्हणून मी नखभर उघडतो तर आधी काहीच नाही, आणि मग एकदम खाडकन धक्का. दचकून बंद केलं की गाडी नाक खाली घालते. त्यात खड्डा आला की माझाच हात हलतो, त्याने परत गचका, की परत बंद. बायको मागे असते, तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठक्कन आपटतं, एका रविवारी सात-आठ वेळा आपटलं. आता ती म्हणते जुनी गाडी असती तर आले असते.

आणि गेल्या रविवारी व्हायचं ते झालंच. सिंहगडाच्या घाटात वर चढताना एका डाव्या हेअरपिनला पुढची कार मध्येच थांबली, मी पहिल्या गियरमध्ये, थ्रॉटल बंद केलेला, हँडल वळलेलं, कार हलली म्हणून उघडायला गेलो तर गाडीने उडीच मारली आणि मी घाबरून पुढचा ब्रेक धरला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक, म्हणजे संपलं. दोनशे किलोच्या वर गाडी डावीकडे आडवी. त्या दिवशी एकटाच होतो आणि मला काही लागलं नाही. क्लचच्या लिव्हरचं टोक मोडलं, क्रॅश गार्ड थोडा वाकला.

सर्व्हिस सेंटरला दाखवली तर म्हणाले मोठ्या गाड्या अशाच असतात, सवय होईल. एकाने ईसीयू फ्लॅश करून घे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅम बदलून घे, म्हणून सांगितलं. थ्रॉटलला केबल आहे, गाडी किती झटकन ऐकेल ते ठरवणारे मोड आहेत, मी आत्तापर्यंत सगळ्यात वरच्याच मोडमध्ये चालवतोय. दोष गाडीचा आहे की माझ्या हाताचा, एवढं तरी कळू द्या.

---

घाटवाट:

दादा, तुम्हाला लागलं नाही हे बरं झालं. लिव्हर नवा येतो.

तुम्ही "आधी काहीच नाही आणि मग एकदम" असं लिहिलंय ना, सगळं त्यातच आहे. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण मिटला आणि इंजिन आयडलच्या बरंच वर फिरत असलं की ईसीयू पेट्रोलच तोडतो, कमी नाही करत, बंदच. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, म्हणून तसं केलेलं असतं. आता तुम्ही नखभर उघडलं की इंजेक्टर परत सुरू होतात, म्हणजे शून्यातून एकदम काहीतरी मिळतं. आणि तोपर्यंत मागचं चाक इंजिनला ओढत होतं, आता इंजिन चाकाला ओढणार, तर या अदलाबदलीत चेन, गियर, मागचा हब यांच्यात जेवढी म्हणून मोकळीक आहे ती सगळी एका क्षणात पार होऊन आपटते. तुमचा खाडकन म्हणजे हाच. जुन्या गाडीतही मोकळीक होतीच, पण तिचं फ्लायव्हील जड, ताकद कमी, ती सगळं गिळून टाकायची. या गाडीचं इंजिन हलकं फिरतं, झटकन चढतं, झटकन उतरतं. शिवाय कमी आरपीएमला इंजिनला हवा लागते किती, बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली हवेची झडप, जराशी उघडली तरी त्याला पुरेशी हवा मिळून जाते, म्हणून पहिल्या नखभरातच सगळी गंमत असते.

त्यामुळे शून्यावर जायचंच नाही. हळू चालवायचंय ना, तर थ्रॉटल थोडासा उघडा ठेवा, अडीच-तीन हजार आरपीएम, आणि तिथेच ठेवा, हलवू नका. स्पीड कमी-जास्त करायचं काम डाव्या हाताचं आणि उजव्या पायाचं. हाफ क्लचवर गाडी पुढे न्यायची आणि मागचा ब्रेक अगदी हलका, पॅड डिस्कला जेमतेम टेकले पाहिजेत एवढाच धरून ठेवायचा. मागच्या ब्रेकने चेन कायम एकाच बाजूला ताणलेली राहते, मोकळीक उलटसुलट व्हायला जागाच राहत नाही. जास्त पुढे जातेय वाटलं तर ब्रेक अजून थोडा, थ्रॉटलला हात नाही. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, एकीकडे पळवतोय आणि दुसरीकडे अडवतोय असं, पण गाडी रुळावर चालल्यासारखी जाते.

दुसरं म्हणजे उजवा हात. बहुतेक जण ग्रिप मूठ आवळून धरतात, मनगट खाली पडलेलं, मग खड्ड्यात अंग मागे गेलं की मनगट अजून खाली जातं आणि थ्रॉटल आपोआप उघडतो. ग्रिप स्क्रू-ड्रायव्हर धरतो तशी जरा तिरकी धरा, कोपर बाहेर आणि सैल. आणि मी स्वतः करतो ते सांगतो, अंगठ्याचं टोक स्विचच्या डब्याला टेकवून ठेवतो. डबा काही फिरत नाही, त्यामुळे हाताला एक आधार मिळतो आणि किती फिरवलं ते कळतं. गुडघ्यांनी टाकी धरा, अंगाचं वजन हँडलवर नको. अर्धे गचके तर आपणच आपल्या हाताने देत असतो.

सिंहगडाच्या हेअरपिनबद्दल: पुढच्या गाडीला वळण पूर्ण घेऊन वर जाऊ द्या, तोपर्यंत खालीच सरळ थांबा, मागचा हॉर्न वाजवू दे. वळणात शिरलात की क्लच पूर्ण दाबायचा नाही, दाबला की गाडीची ओढ जाते आणि ती आत पडते. नजर वर, वळण जिथे संपतं तिथे. आणि वळलेल्या हँडलला पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून ठेवा, म्हणजे घाबरलात तरी धरला जाणार नाही.

हे सगळं चालण्याच्या स्पीडचं आहे हां. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना अख्खा घाट मागचा ब्रेक घासत आलात तर तो तापून निकामी होईल, तिथे गियर आणि इंजिन ब्रेकिंगच.

---

ठाणे_ट्विन:

वरचं सगळं बरोबर आहे पण मी दोन वर्षं असंच हात सांभाळत चालवली आणि शेवटी ईसीयू फ्लॅश केला. फरक जमीन-अस्मानाचा. पेट्रोल तोडणं सौम्य करता येतं, खालच्या आरपीएमला मिश्रण थोडं जाड करता येतं. बीएस ६ या धुराच्या नियमांनंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, गाड्या मुळातच पातळ मिश्रणावर आल्यात आणि आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच इंजेक्शनला ई२० अजून पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो पण तुम्ही थ्रॉटल एकदम उघडता त्या क्षणी त्याला कळेपर्यंत धक्का बसून गेलेला असतो. माझं मत, पैसे असतील तर करून टाका.

---

पाना_कोल्हापूर:

भावा थांब, फ्लॅशला पैसे घालायच्या आधी गाडीखाली वाकून बघ. माझं गॅरेज आहे, मोठ्या गाड्या कमी येतात पण येतात, आणि गचक्याची तक्रार घेऊन आलेल्यात निम्म्यांची चेन लोंबत असते. सेकंडहँड आहे म्हणतोस, १४ हजार, आधीच्या मालकाने चेन कधी बघितली कुणास ठाऊक.

स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, एक स्टिकर असतो, त्यावर चेनची ढील मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. स्टिकर गेला असेल तर मॅन्युअल. साइड स्टँडवर मोजायची की पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा) तेही त्यातच लिहिलेलं असतं, तसंच मोज. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघायची, कारण जुनी चेन एके ठिकाणी ताठ आणि एके ठिकाणी ढिली असते, जिथे सगळ्यात ताठ तिथलं माप धरायचं. खालच्या बाजूच्या मधोमध बोटाने वर दाब, खाली ओढ, पट्टी धर. इंजिन बंद, चावी खिशात. गियरमध्ये चालू गाडीच्या चेनला फडकं लावताना बोटं गेलेली माणसं मी बघितलीत, ते कधी करायचं नाही.

आणि उत्साहात जास्त आवळायची पण नाही. तू बसलास, मागे वहिनी बसल्या की स्विंगआर्म वर येतो आणि चेन आणखी ताणते, मग गियरबॉक्सच्या बेअरिंगवर जातं.

चेन झाली की पहिल्या गियरमध्ये टाक, इंजिन बंदच, स्टँडवर, आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलव. टक-टक आवाज येऊन चाक मोकळं फिरतंय किती ते बघ. थोडं असणारच, गियरला तेवढी जागा लागते. पण जास्तच हलत असेल तर हब रबर बघायचे, मागच्या हबमध्ये स्प्रॉकेटच्या मागे असतात, धक्का गिळायचं काम त्यांचं. म्हातारे झाले की ते कडक पडतात, दबतात, हबमध्ये काळा भुगा दिसतो. स्वस्त माल आहे, बदलून टाकायचा.

मग थ्रॉटलची केबल. ग्रिप फिरवून बघ, केबल ओढायला लागायच्या आधी ग्रिप किती रिकामी फिरते. ग्रिपच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर ठीक. जास्त असली तर तू उघडतोस तेव्हा आधी रिकामं जातं आणि मग अंदाज चुकून जास्त उघडतं. अगदी शून्य पण करायची नाही, हँडल वळवलं की केबल ताणून आरपीएम आपोआप चढेल, यू टर्नला तर मेलास. अॅडजस्ट केलं की गाडी आयडलला ठेवून हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघायचं, आरपीएम हलता कामा नये.

एवढ्यावर नाही भागलं तर थ्रॉटल बॉडीला काजळी, एअर फिल्टर, प्लग, चारही थ्रॉटल बॉडी एकसारख्या ओढतात का ते सिंक करणं, हे माहितगाराकडून. तेल कुठलं घातलंय तेही बघ, वेट क्लचच्या, म्हणजे तेलात बुडालेला क्लच असलेल्या गाडीला तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असा दर्जा लिहिलेला पाहिजे, कारचं तेल घातलं असलं तर हाफ क्लच नीट धरणार नाही आणि वरच्या भावाने सांगितलेलं काही जमणार नाही.

ठाण्याच्या दादांचं खोटं नाही, फ्लॅशने फरक पडतो. पण माझ्याकडे फ्लॅश केलेली गाडी आली होती, गचके तसेच, आणि चेन स्विंगआर्मला घासत होती. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर ती जाईल हे पण धरून चाल.

---

पाच_फूट_दोन:

दादा, मी नाशिकची, उंची नावातच आहे, गाडी २१० किलोची आणि माझे पाय धड टेकत नाहीत. त्यामुळे हळू चालवताना गचका बसला तर पाय लावून सावरायची सोय मला नाही, ही गोष्ट मला शिकावीच लागली.

एक करा, मोड खाली आणा. पावसाचा मोड पावसासाठीच असतो असं काही नाही. गावात मी कायम त्यातच असते, तोच हात, पण गाडी सावकाश ऐकते. फक्त काही गाड्यांत त्या मोडमध्ये ताकदही कापलेली असते, तेव्हा ट्रक ओव्हरटेक करताना भान ठेवा.

आणि सराव रस्त्यावर करू नका, रस्त्यावर माणूस शिकत नाही, नुसता निभावतो. मी एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये परवानगी काढून सकाळी सहाला जायचे. पहिला दिवस फक्त क्लचचा. गाडी सरळ, पहिला गियर, थ्रॉटलला हातच नाही, नुसता क्लच सोडत जायचं आणि तो कुठे धरतो ते डाव्या हाताला कळेपर्यंत गाडी एक फूट पुढे, थांब, एक फूट पुढे, थांब. माझा लिव्हर लांब होता, बोटांच्या शेवटच्या पेरावर क्लच धरायचा, काही ताबाच नव्हता. लिव्हर जवळ घेतला तेव्हा तो बोटांच्या मधल्या पेरावर आला आणि एका सकाळीत फरक पडला. तुमचा लिव्हर मोडलाच आहे तर जवळ-लांब करता येणारा घ्या.

दुसऱ्या दिवशी आरपीएम तीन हजारला धरून, मागच्या ब्रेकवर, जितकं हळू जाता येईल तितकं सरळ. एखाद्याला शेजारून चालायला सांगा आणि तो पुढे गेला पाहिजे. मग पाण्याच्या बाटल्या ठेवून वळणं. क्लच तापल्याचा वास आला की दहा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं. तेलातला क्लच आहे, एवढ्याने मरत नाही, पण सिग्नलला हाफ क्लचवर उभं राहायची सवय मात्र लावून घेऊ नका.

वहिनींना सांगा की तुम्ही ब्रेक लावताना त्यांनी एक हात टाकीला टेकवायचा. त्यांचं वजन तुमच्या पाठीवर आलं की ते तुमच्या मनगटात उतरतं, आणि मनगटातून थ्रॉटलमध्ये. नवरा मागे बसल्यावर मला हे कळलं.

---

घाटवाट:

ताई, हात टाकीला टेकवायचं मी लिहायला विसरलो, महत्त्वाचं आहे ते.

एक राहिलं. गावात पंचवीस-तीसच्या वर असाल तर दुसऱ्या गियरमध्ये चालवा, पहिल्यात नको. पहिल्यात तोच धक्का चाकापर्यंत जास्त पोचतो. पण पंधराच्या खाली दुसऱ्यात क्लचशिवाय ओढू नका, इंजिन रडतं आणि वेगळेच हिसके देतं. आणि क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर बदलायची सोय) असेल तर गर्दीत विसरून जा, क्लच दाबूनच गियर टाका.

---

सिंहगडरोडकर:

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय, सगळं एकेक करून बघितलं.

चेन: स्टिकरवर २५ ते ३५ मिलिमीटर, माझी सगळ्यात ताठ जागी ५० आणि ढिल्या जागी ५८. हातात पट्टी धरून मी दोनदा मोजलं, विश्वास बसेना. तीन महिने मी तशीच चालवत होतो, आणि सर्व्हिस सेंटरला कोणी खाली वाकूनही बघितलं नाही याचा राग आलाय. ३० वर आणली. केबल ग्रिपला जवळजवळ ७ मिलिमीटर रिकामी फिरत होती, ती तीनवर आणली, हँडल दोन्हीकडे नेऊन बघितलं, आरपीएम हलत नाही. हब रबर अजून उघडले नाहीत. लिव्हर नवा घातला, जवळ घेतला. एवढ्यावरच पहिल्या दिवशी सोसायटीचा रॅम्प चढलो तर वाटलं दुसऱ्याचीच गाडी आणलीये.

मग मोड खाली, आणि चार दिवस सकाळी सहा ते सात ओळखीच्या एका शाळेच्या मैदानावर. मागच्या ब्रेकचं पहिले दोन दिवस जमेना, उजवा पाय ब्रेकवर गेला की उजवा हात आपोआप थ्रॉटल मिटायचा, दोन्ही एकत्रच हलायचे. तिसऱ्या दिवशी सुटे झाले. अंगठा स्विचच्या डब्याला टेकवायची युक्ती तर आता हायवेलाही सुटत नाही. मुलगा शेजारून चालत होता, तो नऊ वर्षांचा आहे, शेवटच्या दिवशी तो पुढे गेला आणि मागे वळून ओरडला, बाबा तू हरलास.

काल बायकोला घेऊन परत सिंहगड. त्याच वळणाला खाली सरळ उभा राहिलो, मागून दोघांनी हॉर्न वाजवले, वाजवू दिले. वरची कार पूर्ण गेल्यावर निघालो, तीन हजार, हाफ क्लच, मागचा ब्रेक, नजर वर. गेलो. वर पोचेपर्यंत हेल्मेट एकदाच आपटलं, तेही वाहनतळावर खड्डा मला दिसला नाही म्हणून. तिने वर पिठलं-भाकरी खाताना स्वतःहून विचारलं, पुढच्या रविवारी कुठे.

कोल्हापूरच्या दादा, एक उरलंय. पहिल्यात चार हजारावरून थ्रॉटल एकदम सोडला तर अजून खट्ट होतं, मागून, चाकाकडून. आणि चेन एके ठिकाणी ताठ, एके ठिकाणी ढिली आहे ते तसंच आहे. चालवू का?

---

पाना_कोल्हापूर:

आठ मिलिमीटरचा फरक म्हणजे चेन संपत आली भावा. आता लगेच तुटणार नाही, पण लांबचा प्रवास करू नको. नवी घालताना पुढचं-मागचं स्प्रॉकेट सकट पूर्ण सेट घाल, नुसती चेन घातलीस तर जुने दात नव्या चेनला खातील. मागचं चाक तेव्हा निघणारच आहे, त्याच वेळी हब रबर हातात घेऊन बघ, स्प्रॉकेटची बैठक हबमध्ये सैल हलत असेल तर तोच तुझा खट्ट. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणते, पाचशे किलोमीटरला परत मोज.